बालमंदिराचा पहिला पोशाख

मूल तीन वर्षांचें होऊं लागलें आणि त्याला बालमंदिरांत घालण्याचें ठरलें, म्हणजे घरांत पहिला प्रश्न निघतो तो पाटीपुस्तकाचा नव्हे, कपड्यांचा. आजी म्हणते, नातवाला शाळेंत पाठवावयाचें तर चांगला रेशमी सदरा शिवा. आई मनाशीं साबणाचा हिशेब करते. आणि वडील खिसा चाचपून पाहतात, कारण आज शिवलेला सदरा सहा महिन्यांत तोकडा होणार हें त्यांना ठाऊक असतें. हा प्रश्न वरकरणीं क्षुल्लक दिसतो. परंतु लहान मुलांच्या शाळांचा इतिहास चाळला तर असें आढळतें कीं, ह्या शाळा जेथें जेथें निघाल्या तेथें तेथें अक्षरांच्या आधीं कपड्यांचा विचार करावा लागला, आणि निदान एके ठिकाणीं तरी त्यावरून मोठा वाद माजला.

युरोपांत अठराव्या शतकापर्यंत तान्ह्या मुलाला फडक्यांच्या पट्ट्यांनीं आवळून बांधून ठेवण्याची चाल होती. मुलाचें अंग सरळ वाढावें हा तिचा हेतु. इंग्लंडांत विल्यम कॅडोगन ह्या वैद्यानें १७४८ सालीं ह्या चालीवर कडक टीका केली आणि १७६२ सालीं रूसोनें आपल्या ‘एमील’ ह्या ग्रंथांत तोच धागा पुढें नेला. वाढत्या अंगाला कोठेंही आवळ बसूं नये, असें त्याचें म्हणणें होतें. पांचसहा वर्षांचे होईपर्यंत मुलगेही मुलींसारखा लांब झगाच घालीत. ह्याचें कारण अगदीं घरगुती होतें: ज्या मुलाला अजून वेळेवर सांगतां येत नाहीं, त्याला झगा सोयीचा आणि धुण्यास सोपा. पुढें १७८० च्या सुमारास श्रीमंत घरांतून मुलग्यांसाठीं एक नवा पोशाख आला. त्यांत पायजमा वरच्या कुडत्याला ओळीनें गुंड्या लावून जोडलेला असे. तो दिसावयास ऐटदार खरा; परंतु घाईच्या वेळीं त्या गुंड्या चिमुकल्या बोटांनीं सोडविणें ही सोपी गोष्ट नव्हती. दाईची गरज गृहीत धरूनच तो कपडा बेतलेला होता. ज्या घरीं दाई नाहीं त्या घरच्या मुलानें काय करावें, हा प्रश्न शिंप्यापुढें आलाच नव्हता.

ह्या प्रश्नाला एक शिस्तबद्ध उत्तर मिळालें तें स्कॉटलंडमध्यें, क्लाइड नदीच्या कांठच्या न्यू लॅनार्क ह्या गिरणीगांवीं. डेव्हिड डेल ह्या उद्योगपतीनें तेथें १७८६ सालीं सूतगिरणी सुरू केली. कामासाठीं अनाथगृहांतून आणलेलीं सुमारें पांचशें मुलें तेथें राहत असत. डेल त्या काळच्या मानानें दयाळू मालक होता. त्याच्याकडील मुलांना उन्हाळ्यांत सुती कपडे मिळत व ते पंधरवड्यांतून एकदां धुतले जात. ही गोष्ट त्या वेळीं कौतुकानें सांगितली जाई. १८०० सालीं डेलचा जांवई रॉबर्ट ओवेन ह्यानें गिरणीचा कारभार हातीं घेतला. त्यानें अनाथ मुलें आणणें थांबविलें, दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेण्याचें सोडलें आणि १ जानेवारी १८१६ रोजीं मुलांसाठीं नवी शाळा उघडली. नुकतीं चालूं लागलेलीं मुलेंही तींत घेतलीं जात. हा शिशुवर्ग जेम्स ब्यूकॅनन ह्या विणकराकडे आणि मॉली यंग ह्या सतरा वर्षांच्या मुलीकडे सोंपविलेला होता. मुलांना मारावयाचें नाहीं आणि पुस्तकांनीं गांजावयाचें नाहीं, अशी ओवेनची सक्त ताकीद होती.

ह्या शाळेच्या पोशाखाचें वर्णन ओवेनचा मुलगा रॉबर्ट डेल ओवेन ह्यानें १८२४ सालीं प्रसिद्ध केलें. जाड, टिकाऊ, पांढऱ्या सुती कापडाचा, प्राचीन रोमन लोकांच्या अंगरख्याच्या घाटाचा सैल झगा. मुलग्यांचा गुडघ्यापर्यंत, मुलींचा घोट्यापर्यंत. तो आठवड्यांतून तीन वेळां बदलला जाई. डेलच्या काळचा पंधरवडा आणि ओवेनच्या काळचे हे तीन वार ह्यांत अवघें तीस वर्षांचें अंतर आहे. पण तेवढ्या अवधींत मुलाच्या अंगाविषयींची दृष्टि किती पालटली तें ह्या दोन आंकड्यांवरून कळतें. आठवड्यांतून तीन वेळां धुतलेला कपडा देणें हें पहांटेपासून गिरणींत राबणाऱ्या एखाद्या आईच्या आवांक्यांतलें नव्हतें. तें शाळेनें शिस्त म्हणून अंगावर घेतलें तेव्हांच शक्य झालें. शिवाय सर्वांचा झगा एकसारखा असल्यामुळें मुकादमाचें मूल कोणतें आणि साध्या मजुराचें कोणतें, हें कपड्यावरून ओळखण्याचें कारण उरलें नाहीं.

परंतु हाच झगा ओवेनला भोंवला. गिरणींतील त्याचे कांहीं भागीदार लंडनचे क्वेकरपंथी होते. त्यांत विल्यम ॲलन हा प्रमुख. गुडघ्यापर्यंतच्या झग्यांत मुलगे नाचतात, गातात आणि मुलींबरोबर बागडतात, हें त्यांना मर्यादेला सोडून वाटलें. १८२४ च्या जानेवारींत भागीदारांनीं ओवेनकडून एक करार मान्य करून घेतला. सहा वर्षें पुरीं झालेल्या प्रत्येक मुलग्यानें विजार घातली पाहिजे, असें एक कलम त्यांत होतें. त्याच सालीं ओवेन अमेरिकेस गेला आणि न्यू लॅनार्कवरील त्याची पकड सैल होत गेली. ह्या पराभवांत लक्षांत ठेवण्यासारखी एक गोष्ट मात्र राहून गेली. कराराची मर्यादा सहा वर्षांची होती. सहा वर्षांखालील मुलांना विजारीची सक्ती त्या सनातनी भागीदारांनींही केली नाहीं. अगदीं लहान मुलाचा पोशाख मोठ्यांच्या रीतीभातींवरून नव्हे तर त्याच्या सोयीवरून ठरावा, एवढें विरोधकांनींही नकळत मान्य केलें होतें.

ह्या शुभ्र झग्याला एक काळी किनारही होती, ती विसरतां येत नाहीं. कापड स्वस्त झालें म्हणून तो झगा शक्य झाला; आणि कापड स्वस्त झालें तें यंत्रांमुळें, तसेंच अमेरिकेंतील मळ्यांवर गुलामांनीं वेंचलेल्या कापसामुळें. इंग्लंडच्या कित्येक गिरण्यांत आठनऊ वर्षांचीं मुलें दिवसाचे बारा बारा तास उभीं राहत. मुंबईंत कावसजी दावर ह्यांची गिरणी १८५६ सालीं सुरू झाली, तेव्हां हाच प्रश्न आपल्या दारीं आला. १८८१ च्या कायद्यानें सात वर्षांखालील मुलांना गिरणींत घेण्यास बंदी केली. म्हणजे सात वर्षांच्या मुलाला नऊ तास राबविण्यास त्या कायद्याची हरकत नव्हती. १८९१ सालीं ही मर्यादा नऊ वर्षांवर आली. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं १८८४ पासून गिरणीकामगारांची जी गाऱ्हाणीं मांडलीं, त्यांच्या मागें हें सारें जग उभें होतें. स्वस्त कपडा विकत घेतांना तो कोणाच्या कष्टानें स्वस्त झाला, हा प्रश्न तेव्हांपासून प्रत्येक आईबापाच्या खरेदीला चिकटलेला आहे.

विसाव्या शतकांत शिशुशाळेच्या पोशाखाला नवें वळण मिळालें तें रोममध्यें. ६ जानेवारी १९०७ रोजीं सान लोरेंझो ह्या गरीब वस्तींत डॉ. मारिया माँटेसोरी ह्यांचें पहिलें बालगृह उघडलें. तेथील नियमांत अशी अट होती कीं, मुलाला आईनें स्वच्छ अंगानें व स्वच्छ कपड्यांत पाठविलें पाहिजे. न धुतलेलें मूल शाळेंतून काढून टाकण्यांत येईल. न्यू लॅनार्कला जो भार शाळेनें उचलला होता, त्यांतील कांहीं भाग येथें आईच्या खांद्यावर आला. पण माँटेसोरींनीं त्याबरोबर एक अमोल साधन दिलें. लांकडाच्या चौकटीवर कापडाचे अगर चामड्याचे दोन पदर बसविलेले. एका चौकटीवर मोठ्या गुंड्या, दुसरीवर आंकडे, तिसरीवर नाड्या, चौथीवर फिती. मूल ह्या चौकटी पुन्हा पुन्हा जोडी, सोडी, आणि मग तोच हात स्वतःच्या अंगावरच्या कपड्याकडे वळे. ‘मुलाला कपडे कसे घालावे’ ह्या जुन्या प्रश्नाच्या जागीं ‘मुलानें कपडे कसे घालावे’ हा प्रश्न येथें उभा राहिला. त्या दिवसापासून गुंडीचा आकार हा शिक्षणाचा विषय झाला.

लंडनमध्यें डेटफर्डच्या दाट वस्तींत रेचेल व मार्गारेट मॅकमिलन ह्या भगिनींनीं १९१४ सालीं उघड्या हवेंतली शिशुशाळा काढली. त्यांनीं दाराशीं कोणाला अडविलें नाहीं. मळलेलें मूल आलें म्हणजे त्याला ऊन पाण्यानें न्हाऊं घालावयाचें आणि स्वच्छ सैल झगा चढवून बागेंत सोडावयाचें, अशी तेथील रीत होती. रोमच्या नियमानें आईला शिस्त लागे. डेटफर्डच्या रीतीनें मुलाचा दिवस वांचे. रेचेल १९१७ सालीं निवर्तल्या. पुढच्याच वर्षीं इंग्लंडच्या शिक्षण कायद्यानें स्थानिक संस्थांना शिशुशाळा चालविण्याची मुभा दिली.

दुसऱ्या महायुद्धानें काटकसरीचा धडा घरोघर नेला. ब्रिटनमध्यें १ जून १९४१ पासून कपड्यांचें रेशनिंग सुरू झालें; पहिल्या वर्षीं माणशीं ६६ कुपनें मिळालीं. वाढत्या मुलांच्या आया सर्वांत अडचणींत आल्या, कारण मुलाचें अंग कुपनांची वाट पाहत नाहीं. तेव्हां स्त्रियांच्या स्वयंसेवक संघटनेनें मुलांच्या कपड्यांचीं अदलाबदल-केंद्रें उघडलीं. आपल्या मुलाला तोकडा झालेला कपडा तेथें द्यावा, त्याच्या स्थितीप्रमाणें गुण मिळवावे आणि त्या गुणांवर मोठ्या मापाचा कपडा न्यावा. हें रेशनिंग १५ मार्च १९४९ रोजीं संपलें. हिंदुस्थानांतही १९४३ सालीं कापडाच्या किंमतींवर नियंत्रण आलें आणि गरिबांसाठीं ठराविक प्रतीचें स्वस्त कापड काढण्याची योजना झाली.

महाराष्ट्रांतील घरांना मात्र अदलाबदलीची ही विद्या नवी नव्हती. आजीच्या विरलेल्या लुगड्याचें झबलें आणि दुपटें, आजोबांच्या धोतराचे लंगोट, थोरल्याचा सदरा धाकट्याला, आणि तोही फाटला कीं गोधडींत, असा कापडाचा प्रवास पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. शंभर वेळां धुतलेलें कापड नव्या मांजरपाटापेक्षां मुलाच्या कातडीला मऊ लागतें, हें शास्त्र आजीबाईंना पुस्तकाशिवाय कळत होतें. उणीव होती ती एवढीच कीं, ह्या कपड्यांच्या बंदांच्या व नाड्यांच्या गांठी नेहमीं दुसऱ्यानें सोडावयाच्या असत. घरीं आई जवळ असते; बालमंदिरांत तीस मुलांना एकच बाई असते.

ही उणीव आपल्याकडील बालशिक्षणाच्या चळवळीनें ओळखली. गिजुभाई बधेका ह्यांनीं १९२० सालीं भावनगरास बालमंदिर काढलें. कांहीं वर्षांतच ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ सालीं ताराबाईंनीं दादरला शिशुविहार सुरू केला. परंतु शहरांतील मध्यमवर्गाच्या शाळेवर त्यांचें समाधान झालें नाहीं. १९४५ सालीं त्या बोर्डी ह्या किनाऱ्यावरील गांवीं गेल्या, आणि अनुताई वाघ त्यांच्यासंगें कामाला लागल्या. तेथें माँटेसोरींच्या महागड्या साधनांऐवजीं शिंपले, बिया, पानें, खडे हीं साधनें झालीं. जीं मुलें शाळेपर्यंत येत नाहींत, त्यांच्या अंगणांतच शाळा न्यावयाची, ह्या विचारांतून अंगणवाडी जन्मली. १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. ज्या वस्तींत मुलाच्या अंगावर पुरतें वस्त्रच नाहीं, तेथें स्वच्छ पोशाखाची अट घालणें म्हणजे दार लावून घेण्यासारखेंच झालें असतें. आधीं मूल आंत आलें पाहिजे. न्हाणें, नखें कापणें, केंस विंचरणें हें सारें आंत आल्यावर. १९७५ सालीं सरकारची एकात्मिक बालविकास योजना निघाली, तेव्हां तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेंच नांव मिळालें.

एवढा इतिहास पाहिल्यावर बालमंदिराच्या पहिल्या पोशाखाची खरेदी फारशी अवघड राहत नाहीं. कापड सुती, धुण्यास सोपें आणि न विटणाऱ्या रंगाचें घ्यावें. बेत सैल असावा आणि गळा डोकें सहज जाईल इतका मोठा असावा. गुंड्या थोड्या, मोठ्या आणि पुढच्या बाजूस असाव्या. चड्डीला नाडीऐवजीं सैलसा इलॅस्टिक असावा, म्हणजे घाईच्या वेळीं मुलाला कोणाच्या तोंडाकडे पाहावें लागणार नाहीं. शिवून घ्यावयाचें झाल्यास वाढत्या अंगाचें माप द्यावें आणि खालची दुमड चार बोटें रुंद ठेवण्यास शिंप्याला सांगावें. पुढच्या वर्षीं ती उसवली कीं नवा सदरा वांचतो. एका महागड्या पोशाखाच्या पैशांत तीन साधे घ्यावे: एक अंगावर, एक वलणीवर आणि एक पिशवींत. शेजारच्या मुलाचा तोकडा झालेला सदरा मिळाला तर तो घेण्यांत कमीपणा नाहीं. आपला देण्यांत तर नाहींच. आणि पहिल्या दिवसाच्या आधीं आठवडाभर ते कपडे मुलाला घरींच, स्वतःच्या हातानें घालूं द्यावे, काढूं द्यावे. एखादी गुंडी चुकीच्या काजांत गेली तर जाऊं द्यावी.

रेशमी सदऱ्याची आजीची हौस सणासुदीला अवश्य पुरवावी. बालमंदिराचा सदरा मात्र असा असावा कीं, त्यावर माती, रंग आणि वरणाचे डाग पडले तरी संध्याकाळीं घरीं आलेल्या मुलाला कोणी रागें भरणार नाहीं.