वीर यशवंतराव घाडगे

कोकणच्या भूमीने देवळांना चिरा दिला, तसेच रणांगणाला शूर जवानही दिले. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हे त्यांतील मानाचे नाव होय.

दुसऱ्या महायुद्धात ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. सर्व सोबती ठार वा जायबंदी झाले. मागे कोणी उरले नाही हे जाणूनही यशवंतराव एकटेच ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकास टिपले. पुन्हा गोळ्या भरण्यास उसंत नव्हती. तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या तडाख्यांनी उरलेल्या दोघांना ठार केले. इतक्यात दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत घुसल्या. जिंकलेल्या ठाण्यातच अवघ्या २२ वर्षांच्या या वीराने देह ठेवला.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. राज्य परक्यांचे होते. पराक्रम मात्र आपल्या मातीचा होता. त्यांची समाधी कोठेही नाही. इटलीत कासिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. देवाच्या पायरीवर माथा टेकताना त्या नावाचेही स्मरण व्हावे.