निर्वासितांच्या छावणीत जीव वाचवणारे पाणी

हिवाळा लागला की आपल्या वऱ्हाडातल्या शहरांत तिबेटी बाया-माणसे स्वेटरची दुकाने मांडतात. आपण घासाघीस करतो, स्वेटर घेतो अन् घरी येतो. ही माणसे कुठून आली, कशी जगली, हे सहसा कुणी विचारत नाही. तीही बुद्धाला वंदन करणारी आहेत. म्हणून विहाराच्या या वर्धापन दिन स्मरणिकेत निर्वासितांच्या आरोग्याचा थोडा इतिहास आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले. त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी हिमालय ओलांडून आले. आसामात मिसामारी येथे बांबूच्या झोपड्यांची छावणी उभी राहिली. अनेक भिक्खूंना बंगालमधील बक्सा येथील जुन्या तुरुंगाच्या जागेत ठेवले गेले. थंड मुलखातली माणसे एकदम दमट उकाड्यात येऊन पडली. अंगावर जाड लोकरी कपडे, दाटीवाटीची वस्ती, नवे पाणी, नवे अन्न. बर्फातून वाचलेले कितीतरी जीव छावणीतल्या आजारांनी गेले. क्षयाने तर या समाजाची पाठ पुढेही कित्येक वर्षे सोडली नाही. यथावकाश त्यांच्या वसाहती झाल्या. त्यातलीच एक, १९७२ ची नोर्गेलिंग वसाहत, आपल्या विदर्भात तेव्हाच्या भंडारा, आताच्या गोंदिया जिल्ह्यात आहे.

दुसरा प्रसंग १९७१ चा. आपल्या मलकापूर-शेगावावरून जाणारी रेल्वे थेट हावड्याला पोहोचते. तिथून पुढे सीमेजवळ बनगाव हे गाव आहे. फाळणीआधी ते जेसोर जिल्ह्यात होते. याच पूर्व बंगालातल्या नमशूद्र समाजाच्या आणि जोगेंद्रनाथ मंडल यांच्या पाठबळावर १९४६ मध्ये बाबासाहेब संविधान सभेवर निवडून गेले होते, हे आपण विसरून चालणार नाही. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. त्यांत नमशूद्र मोठ्या संख्येने होते. पावसाळा, चिखल, घाण पाणी; छावण्यांत कॉलरा पसरला.

कॉलऱ्यात अंगातले पाणी अन् क्षार काही तासांतच निघून जातात. तेव्हा उपाय एकच मानला जाई, शिरेतून सलाईन. पण बनगावच्या दवाखान्यात रोगी जमिनीवर पडलेले, आणि सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी धाडसी निर्णय घेतला. एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. हे पाणी तोटीच्या पिंपांत भरून ठेवले आणि रोग्याच्या आई-बहिणींनाच पेल्याने पाजायला सांगितले. त्यामागचे शास्त्र सोपे आहे. आतड्यात साखर मिठाला आत ओढते आणि मिठामागे पाणी जाते. कुठे सुमारे ३० टक्के रोगी दगावत होते, तिथे हे पाणी मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. पुढे जगाने ही पद्धत स्वीकारली. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले; २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

विशेष म्हणजे लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्याला 'तोंडाने घ्यायचे सलाईन' म्हटले गेले. आपल्याकडेही तेच! बाटली लटकवल्याशिवाय माणसाला बरे वाटत नाही. अन् घरच्या पाण्याला कुणी औषध मानत नाही.

महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला होता. कुणी विचारीना. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः आंघोळ घातली. बनगावला आयांनी केले ते यापेक्षा वेगळे नव्हते.

छावणीत नव्याने आलेल्यांना आधी काय लागते? शुद्ध पाणी, संडास, लेकरांना गोवरची लस, क्षयाची तपासणी, पोटभर अन्न आणि आपल्या भाषेत दुखणे ऐकून घेणारे कुणीतरी. मोठी यंत्रे नंतर.

हे सारे दूरचे आहे काय? आपल्या जिल्ह्यातली कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीवर जातात. पालात राहतात, मिळेल ते पाणी पितात. आपल्या गावातही बाहेरून आलेली पाले पडतात. तिथे लेकराला हगवण लागली तर वाट पाहू नका. लिटरभर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. घोट घोट पाजत राहा. चमचा लहान, चहाचाच घ्या. मीठ जास्त पडू देऊ नका. ओ.आर.एस.ची पुडी मिळाली तर अधिक चांगले. लेकरू सुस्तावले, डोळे खोल गेले, पिईना झाले किंवा शौचातून रक्त पडले, तर तडक दवाखाना गाठा.

विहारात येणाऱ्या प्रत्येक माउलीला हे प्रमाण तोंडपाठ असावे, एवढीच आमची विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!