पाणी, वारा, ऊन आणि 'पडीक' माणसे

कर्जत-खोपोली मार्गावरचे पळसदरी हे लहानसे स्टेशन आहे. भोर घाटाची चढण येथूनच सुरू होते. १८५६ ते १८६३ या काळात हा घाट फोडला गेला. त्या कामावर हजारो मजूर राबले आणि पटकीने, तापाने व सुरुंगांनी त्यांतले कित्येक मेले. किती लाख घनफूट खडक फोडला, किती बोगदे पाडले, किती पूल बांधले याचे हिशेब इंजिनियरांनी बारकाईने लिहून ठेवले. मेलेल्यांची नावे मात्र कोणी लिहिली नाहीत. माझे वडील याच घाटात गँगमन होते. आमच्या घराण्यात शाळेपलीकडे गेलेला मी पहिलाच. म्हणून कोणताही हिशेब हाती आला की त्यात काय मोजले आणि काय वगळले, हे आधी पाहण्याची सवय मला लागली आहे.

आज सूर्य आणि वारा यांच्या मोजणीचे दिवस आहेत. कोणत्या जिल्ह्यात किती ऊन पडते, कोणत्या पठारावर वारा किती वेगाने वाहतो, त्यातून किती मेगावॅट वीज निघेल याचे नकाशे तयार झाले आहेत. ही मोजणी आपल्या भागाला नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी येथे पाऊस मोजला गेला होता. तो इतिहास नीट पाहिल्याशिवाय आजच्या नकाशांचा अर्थ आपल्याला लागणार नाही.

घाटमाथ्यावर प्रचंड पाऊस पडतो आणि त्याच्या पायथ्याशी जमीन एकदम खाली जाते. या दोन गोष्टी एकत्र आणल्या तर वीज निर्माण होईल, हे गणित विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले गेले. १९१० मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली. लोणावळा, वळवण आणि शिरोटा येथे तलाव बांधले गेले. तेथले पाणी नळांतून सुमारे १,७०० फूट खाली आणून १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातच भिवपुरीचे केंद्र आले आणि १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे. ही वीज आमच्या डोक्यावरून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली.

त्या गिरण्यांत आमची माणसेही होती. पण विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. कांडीचे सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्यामुळे विटाळ होई, असे कारण सांगितले जाई. पगार जास्त होता तो याच खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. सह्याद्रीच्या पाण्याने माग फिरू लागले, परंतु मागाला हात कोणी लावायचा हे जातच ठरवीत राहिली. यंत्र आले म्हणजे जात जाईल असे मानणाऱ्यांनी एवढे उदाहरण ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट १९२७ या वर्षाची. त्या वर्षी कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, भिऱ्याचे केंद्र सुरू झाले. मुळशीचे पाणी डोंगर उतरून भांडवलाच्या सेवेला लागले. त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी आपल्या लोकांना सत्याग्रह करावा लागला आणि त्याबद्दल मार खावा लागला. पाणी नदीचे असो की तळ्याचे, ते कोणासाठी आहे हे निसर्गाने ठरवलेले नव्हते.

मुळशीचा लढा १९२१ मध्ये सुरू झाला. सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी जोडले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या लढ्यातली एक गोष्ट आपल्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावी. तेथील पुष्कळ जमिनींवर पुण्याच्या सावकारांचे हक्क होते. भरपाईचा प्रश्न आला तेव्हा सावकाराचे हित आणि कसणाऱ्या मावळ्याचे हित एक राहिले नाही. कागद ज्याच्या नावावर, पैसा त्याला. ज्याचे नाव कोणत्याच कागदावर नव्हते, त्याचे काय झाले हे कागदांतून कळणारच कसे?

आता वारा आणि ऊन यांकडे वळू. आपल्या देशात ऊन आणि वारा यांच्या शास्त्रीय मोजणीचा पाया घालणाऱ्यांत अण्णा मणी या स्त्री-शास्त्रज्ञांचे स्थान मोठे आहे. पुण्याच्या हवामान खात्यात त्यांनी उपकरणे देशातच घडवली, किरणमापनाची केंद्रे उभारली आणि १९८० च्या सुमारास सौर किरणांची व पुढे १९८३ मध्ये वाऱ्याची आकडेवारी ग्रंथरूपाने दिली. हे काम कष्टाचे होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती आठपट होते. त्यामुळे वेग मोजताना झालेली थोडी चूक विजेच्या अंदाजात मोठी होऊन बसते. याच कारणाने आमच्या पळसदरीच्या खोऱ्यात पवनचक्की दिसत नाही आणि साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर किंवा धुळ्याच्या साक्री भागात त्यांच्या रांगा दिसतात. डोंगराच्या कुशीत वारा अडतो आणि उघड्या पठारावर तो मोकळा असतो. पावसाळ्याचे चार महिने आमच्याकडे ढग ऊनही अडवून धरतात.

येथवर सारे विज्ञान आहे आणि त्याच्याशी आपले भांडण नाही. भांडण सुरू होते ते पुढच्या पायरीवर. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने २०१४ मध्ये देशाची सौर क्षमता सुमारे ७ लाख ४८ हजार मेगावॅट ठरवली आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा सुमारे ६४ हजार धरला. हा आकडा केवळ उन्हावरून आलेला नाही. पडीक जमिनीपैकी तीन टक्के जमीन सौर पट्ट्यांखाली आणता येईल असे गृहीत धरून तो काढलेला आहे. म्हणजे गणितात दोन गोष्टी आहेत, ऊन आणि पडीक जमीन. ऊन उपकरणाने मोजले. पडीक कशाने मोजले?

'पडीक' हा शब्द मातीचा गुण सांगत नाही. तो महसुलाच्या दप्तरातून आला आहे. जी जमीन सारा देत नाही ती पडीक, असा इंग्रजी अमलाचा हिशेब होता. आमच्या कर्जत-खालापुरात ठाकूर आणि कातकरी डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवीत आले. ती जमीन 'वरकस' ठरली. जंगलातले तुकडे 'दळी' म्हणून त्यांच्याकडे आले, पण मालकी आली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतरही त्या दळ्यांसाठी पुरावे घेऊन खेटे घालावे लागतात. मराठवाड्यात हीच गोष्ट गायरानाची. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केला, हजारोंनी तुरुंग भरले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९९१ मध्ये, १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने घेतला. तो निर्णय झाला तरी असंख्य कुटुंबांच्या हातात सातबारा आला नाही. ज्वारी पिकवणारा माणूस दप्तरात 'अतिक्रमक' आणि त्याची जमीन 'पडीक'!

आता २०२३ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेकडे पाहा. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू, आणि तो चांगला आहे. एका मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते. खाजगी मालकाने जमीन दिली तर त्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. शासकीय जमीन मात्र नाममात्र भाड्याने. मग प्रकल्पासाठी आधी कोणती जमीन शोधली जाईल? आणि त्या शासकीय गायरानावर तीस-चाळीस वर्षे कसणारा जो आहे, त्याला कोणते भाडे? सातबारावाल्याच्या उन्हाला किंमत आहे, बिनकागदाच्या माणसाच्या उन्हाला नाही. मुळशीचा सावकार आणि मावळा येथे पुन्हा भेटतात.

कागद असला तरी सर्वांना सारखा न्याय मिळतो असेही नाही. धुळे जिल्ह्यातले वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांची जमीन वीजप्रकल्पासाठी गेली. मोबदल्यासाठी हेलपाटे घालून थकल्यावर जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि त्यात ते गेले. मालकाची ही गत, तर अतिक्रमक ठरवलेल्याची काय असेल?

कोणी म्हणेल, मग तुमचा विजेलाच विरोध आहे काय? मुळीच नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रमखाते सांभाळताना वीज आणि पाणी यांचे राष्ट्रीय धोरण आखणाऱ्यांत बाबासाहेब होते. वीज स्वस्त व मुबलक हवी, कारण तिच्याशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय या देशाचे दारिद्र्य हटणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. आमच्या वस्तीत दिवा आला तेव्हा मी चौथीत होतो. वस्तीवरून जाणाऱ्या तारा त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या. अंधारात अभ्यास केलेला माणूस विजेच्या विरोधात कसा बोलेल? पण बाबासाहेबांनी विजेचा विचार मालकीच्या प्रश्नापासून कधी तोडला नाही. १९४७ च्या त्यांच्या राज्यसमाजवादाच्या मांडणीत मूलभूत उद्योग आणि शेतजमीन दोन्ही राज्याच्या हाती होती, ती याचसाठी.

हा प्रश्न आता पुन्हा आमच्या दाराशी आला आहे. ऊन संध्याकाळी मावळते, वारा केव्हाही पडतो. म्हणून दिवसाच्या जादा विजेने पाणी वर चढवायचे आणि रात्री ते खाली सोडून वीज घ्यायची, अशा योजना पुढे आल्या आहेत. भिवपुरीला १,००० आणि शिरोट्याला १,८०० मेगावॅटच्या अशा प्रकल्पांसाठी ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य शासन आणि टाटा कंपनी यांच्यात करार झाला. शंभर वर्षांपूर्वी मोजलेला सह्याद्रीचा उतार पुन्हा मोजला जाईल.

या वेळी मोजणीदारांबरोबर आपणही गेले पाहिजे. आपल्या कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी गावोगावच्या गायरानांची, दळ्यांची, वरकस जमिनींची यादी स्वतः करावी. कोण किती वर्षांपासून कसतो, काय पिकवतो, गुरे कोठे चारतो, लाकूडफाटा कोठून आणतो, दंडाच्या पावत्या कोणाकडे आहेत, हे लिहून ग्रामसभेत नोंदवावे. अतिक्रमणाबद्दल भरलेला दंड हाच पुष्कळदा आपल्या वहिवाटीचा पुरावा ठरतो. प्रत्यक्ष कसणाऱ्याचा हक्क ठरल्याशिवाय कोणतीही जमीन पडीक धरू नये, आणि जेथे सौर पट्टे बसतील तेथले भाडे कसणाऱ्याला मिळावे, एवढ्या दोन मागण्या तरी एकमुखाने पुढे आल्या पाहिजेत. घाट फोडणाऱ्यांची यादी कोणी केली नाही. ही यादी आपण केली नाही, तर तीही कोणी करणार नाही.