तुहफा : बऱ्हाणपूरची एकत्वाची पोथी

तुहफा : सर्व अस्तित्व मुळात एकच आहे, हा सूफी सिद्धांत थोडक्यात मांडणारी अरबी भाषेतील छोटी पोथी. पूर्ण नाव ‘अत्-तुहफा अल्-मुरसला इला रूह अन्-नबी’, म्हणजे पैगंबरांच्या आत्म्यास पाठवलेली भेट. कर्ते शेख मुहम्मद बिन फजलुल्लाह बऱ्हाणपुरी (मृत्यू १६२०). रचना हिजरी ९९९ मधील (१५९०-९१). बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात, भुसावळ-खंडवा रेल्वेमार्गावर आहे. त्या काळी ते खानदेशच्या फारुकी राज्याचे मुख्य शहर होते. तापीकाठी लिहिलेली ही मोजक्या पानांची पोथी शंभर वर्षांच्या आत मदिना आणि सुमात्रापर्यंत वाचली जाऊ लागली. मुमताजमहलचा मृत्यू आणि अशीरगडाचा वेढा यांपलीकडे मराठी वाचकाला बऱ्हाणपूरची फारशी ओळख नसते. या शहराची ही वैचारिक बाजू तितकीच मोठी आहे.

शहराचे नावच एका सूफी संताचे आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी नासिरखान फारुकीने हे शहर वसवले आणि बुऱ्हाणुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) यांचे नाव त्याला दिले. पैलतीरावरचे जैनाबाद जैनुद्दीन शिराजींच्या नावाने वसले. हे दोघेही चिश्ती परंपरेतले, आणि दोघांच्या कबरी मराठवाड्यातल्या खुलताबादला आहेत. सोळाव्या शतकात गुजरात आणि सिंधमधल्या लढायांमुळे अनेक विद्वान, सूफी आणि विणकर घराणी येथे आली. सिंधीपुरा हा मोहल्ला त्या स्थलांतराची खूण आहे. वऱ्हाडातल्या एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात जन्मलेले शत्तारी संत शाह ईसा जुंदुल्लाह (मृत्यू १६२२) याच शहरात राहिले आणि येथेच दफन झाले. उत्तरेकडून हजला जाणारे अनेक काफिले बऱ्हाणपुरावरून सुरतेला उतरत. माणसांबरोबर पोथ्याही त्याच वाटेने जात.

तुहफेचा गाभा सात मर्तब्यांत, म्हणजे अस्तित्वाच्या सात पायऱ्यांत आहे. पहिली पायरी निव्वळ सत्तेची. तिला नाव नाही, गुण नाहीत, आकार नाही, आणि बुद्धी तिथवर पोचत नाही. दुसरीत त्या सत्तेला स्वतःचे ज्ञान होते, पण ढोबळ, एकवट स्वरूपात. तिसरीत तेच ज्ञान तपशिलाने उलगडते. या तिन्ही अनादी. पुढे आत्म्यांचे जग, सूक्ष्म प्रतिमांचे जग आणि देहांचे जग अशा तीन पायऱ्या येतात. सातवी पायरी माणूस. आधीच्या सगळ्या पायऱ्या त्याच्यात एकत्र येतात, म्हणून मागे फिरून मुळापर्यंत जाण्याची शक्यताही त्याच्यातच असते. सत्ता इतक्या रूपांत प्रकटते, पण त्यामुळे ती स्वतः बदलत नाही, हे शेख बजावून सांगतात.

ही मांडणी अंदलुसियातील इब्न अरबी (११६५-१२४०) यांच्या विचारांवर उभी आहे. ‘वहदत-उल-वुजूद’, अस्तित्वाचे एकत्व, या नावाने ती ओळखली जाते. इब्न अरबींचे ग्रंथ प्रचंड आणि दुर्गम आहेत. शेखांनी त्यांचे सार पाठ करता येईल एवढे आटोपशीर केले, आणि पोथी इतक्या दूरवर गेली ती बरीचशी या आटोपशीरपणामुळे.

पोथीतला सर्वांत मोलाचा भाग मात्र पायऱ्यांचा नाही. एकत्व जाणणाऱ्यांचे शेख तीन प्रकार करतात. पहिल्याला ते ज्ञानाने पटलेले असते, पण दिसत नाही. दुसऱ्याला जगात सर्वत्र ईश्वरच दिसतो. हा हृदयाचा अनुभव असतो. तिसऱ्याला जगात ईश्वर दिसतो आणि ईश्वरात जग दिसते. एक दुसऱ्याच्या आड येत नाही. शेखांच्या लेखी हा तिसरा सर्वांत श्रेष्ठ. आध्यात्मिक जागृती म्हणजे भान हरपणे, असा समज तेव्हाही होता आणि आजही आहे. बऱ्हाणपूरच्या शेखांनी त्या अवस्थेला मधल्या मुक्कामाची जागा दिली. ज्याला समोरचा माणूस, बाजार आणि नदी पुन्हा स्वच्छ दिसू लागली, त्याचा अनुभव पुरा झाला, ही त्यांची कसोटी फार खोल आहे.

साधनाही तशीच साधी सांगितली आहे. साधकाने ‘कोणी ईश्वर नाही, अल्लाहखेरीज’ या कलिम्याच्या पूर्वार्धाबरोबर आपले वेगळे ‘मीपण’ नाकारायचे आणि उत्तरार्धाबरोबर अंतरात सत्य कायम करायचे. यासाठी ठरावीक वेळ नाही. वजू, म्हणजे प्रार्थनेपूर्वीची शुद्धी, केलेली उत्तम, पण अट नाही. श्वासाकडे किंवा अक्षरांकडे लक्ष ठेवण्याचीही सक्ती नाही; लक्ष अर्थावर हवे, मग साधक उभा असो, चालत असो की पहुडलेला असो. विणकराला मागावर बसूनही करता येईल अशी ही साधना होती. मात्र ‘सर्व एकच, तर विधिनिषेध कशाला?’ अशी पळवाट त्यांना मान्य नव्हती. आपल्याच पोथीवर त्यांनी एक भाष्य लिहिले आणि त्याला नाव दिले ‘अल्-हकीका अल्-मुवाफिका लिश्-शरीआ’, म्हणजे शरीयतशी जुळणारे सत्य.

पोथीच्या वर्षभर आधीची एक खूण आजही शहरात उभी आहे. राजा अलीखान ऊर्फ आदिलशाह फारुकीने बांधलेल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. त्याचा काळ शके १५११, म्हणजे जानेवारी १५९०. सृष्टिकर्त्याला वंदन करून लेख सुरू होतो. ईश्वराला तो अव्यक्त, व्यापक, नित्य, गुणांपलीकडचा आणि चैतन्यरूप म्हणतो, व्यक्त जगाचे कारणही म्हणतो. त्यानंतर फारुकी राजांची वंशावळ आणि पंचांगाच्या तपशिलासह मिती येते. या लेखाचा आणि तुहफेचा थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. तरीही एकाच शहरात, एकाच राजवटीत, दोन भाषांतून मूळ सत्तेचे वर्णन इतके मिळतेजुळते यावे, ही गोष्ट मशिदीत गेलेल्याने त्या दगडापुढे थांबून पाहावी अशी आहे.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. बऱ्हाणपूरहून तापीच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव हे गाव लागते. जळगाव जिल्ह्यातल्या याच परिसरात मुक्ताबाईंची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी चांगदेवांना पाठवलेल्या पासष्ट ओव्यांच्या पत्राचा, ‘चांगदेव पासष्टी’चा, विषय पाहणारा आणि पाहिले जाणारे यांचे एकत्व हाच आहे. ते पत्र तुहफेच्या सुमारे तीनशे वर्षे आधीचे. पैठणला एकनाथ (मृत्यू १५९९) अद्वैत आणि भक्ती एकत्र सांगत होते, त्याच काळात शेख बऱ्हाणपुरात लिहीत होते.

बऱ्हाणपुरातच एकत्वाच्या या विचाराला विरोधही झाला. शेख अहमद सरहिंदी (१५६४-१६२४) यांनी आपले शिष्य मीर मुहम्मद नुमान यांना बऱ्हाणपुरास पाठवले. सरहिंदींचे चरित्रकार हाशिम किश्मीही येथेच राहिले. सरहिंदींच्या मते एकत्व पाहण्यात असते, असण्यात नसते. दिवसा सूर्यप्रकाशात तारे दिसत नाहीत, म्हणून ते नाहीत असे म्हणणे चूक, हा त्यांचा दाखला. पुढे एकोणिसाव्या शतकात येथील कबीरपंथी पूरन साहेबांनी कबीरांच्या बीजकावर ‘त्रिज्या’ ही टीका लिहिली. त्यांची पारख परंपरा तर ब्रह्माशी एकरूप होण्याची कल्पनाच नाकारते आणि प्रत्येक जीव स्वतंत्र मानते. त्यांचे कबीर निर्णय मंदिर आजही बऱ्हाणपुरात आहे.

तुहफेचा मोठा प्रवास समुद्रापलीकडे झाला. सुमात्रातील आचे येथे शम्सुद्दीन अस्-समतरानी (मृत्यू १६३०) यांनी सात पायऱ्यांची मांडणी उचलली, आणि मलय भाषेत ती ‘मर्ताबत तुजुह’ या नावाने रुजली. १६३७ मध्ये नूरुद्दीन रानीरी तेथे पोचले. ते तापीच्या मुखाजवळच्या, सुरतेलगतच्या रांदेरचे. त्यांनी आचेतल्या एकत्ववाद्यांना पाखंडी ठरवले. राजाश्रयाने ग्रंथ जाळले गेले, माणसे मारली गेली. एकाच नदीच्या दोन गावांतून गेलेल्या दोन विचारांची टक्कर अशी हजारो मैलांवर झाली. १६४४ मध्ये रानीरींना आचे सोडावे लागले.

या भांडणाची चौकशी मदिनेपर्यंत गेली. तेथील इब्राहीम अल्-कुरानी यांनी जावी, म्हणजे मलय बेटांवरून आलेल्या, विद्यार्थ्यांच्या विनंतीवरून तुहफेवर ‘इत्हाफ अज्-जकी’ हे विस्तृत भाष्य लिहिले. एकत्व आणि शरीयत यांचा मेळ कसा बसतो, हे त्यांनी सविस्तर दाखवले. त्यांचे शिष्य अब्दुर्रऊफ अस्-सिंकिली १६६१ च्या सुमारास आचेला परतले. त्यांनी उघडपणे कोणाचीच बाजू न घेता, दुसऱ्याला घाईने काफिर म्हणू नये, असे बजावले. रक्तपात पाहिलेल्या शहरात हे सांगायला धैर्य लागले असणार. पुढे दमास्कसचे अब्दुलगनी अन्-नाबुलुसी (मृत्यू १७३१) यांनीही तुहफेवर भाष्य केले.

जावामध्ये पोथीने पद्यरूप घेतले. एकोणिसाव्या शतकातले सुराकार्ताचे दरबारी कवी रंगावार्सिता (१८०२-७३) यांच्या ‘विरिद हिदायत जाती’मध्ये सात पायऱ्या जावी रूपात येतात. तुहफेच्या जावी पद्य रूपाचे इंग्रजी भाषांतर ए. एच. जॉन्स यांनी केले. ते १९६५ मध्ये कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीने प्रसिद्ध केले.