सिगार वळणाऱ्यांची पोथी

उंची सिगार घाईत ओढायची नसते. रात्रीची जेवणं आटोपलेली असावीत, उद्याची घाई नसावी, मग सावकाश टोक कापून ती पेटवायची. धूर छातीत ओढायचा नाही, तोंडात घोळवून सोडून द्यायचा. सुरुवातीला देवदाराच्या लाकडाचा वास, मध्ये कोको नि कॉफी, शेवटाकडे मिरीचा तिखटपणा, अशी चव शौकीन लोक उलगडून सांगतात. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग अशा ओढण्यानंही होतो, हे मात्र त्या वर्णनात सहसा नसतं. पान क्युबाच्या पिनार देल रिओ प्रांतातलं असेल तर मातीचंही कौतुक होतं. मात्र सिगारला गुंडाळलेल्या कागदी पट्टीवरच्या नावाची चौकशी कुणी फारशी करत नाही. अलेक्झांडर ड्यूमाच्या कादंबरीतला काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो क्युबाच्या तंबाखूवर कसा येऊन बसला? उत्तर शोधायला हवानातल्या कारखान्यांत, तेही एकोणिसाव्या शतकात, जावं लागतं.

सिगार वळण्याच्या कामात यंत्रांचा खडखडाट नव्हता. लांबलचक दालनात ओळीनं मेजं मांडलेली असत. आत भरायची पानं मुठीत जुळवायची, त्यांवर बांधणीचं पान गुंडाळायचं आणि सर्वांत देखणं, बिनडागी पान ‘चावेता’ नावाच्या बिनमुठीच्या सुरीनं कापून वरून चढवायचं. यात हात आणि डोळे गुंतून जात, कान मात्र दिवसभर रिकामे राहत.

हे रिकामे कान सातुर्निनो मार्तीनेस याच्या ध्यानात आले. तो मूळचा स्पेनमधल्या आस्तुरियासचा, हवानात सिगार वळणारा कामगार आणि कवीही. 1865 मध्ये त्यानं ‘ला आउरोरा’ हे कामगारांसाठीचं साप्ताहिक काढलं. पण ज्यांच्यासाठी ते निघत होतं, त्यांच्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. तेव्हा वाचता येणाऱ्यानं इतरांना वाचून दाखवावं, असा तोडगा निघाला. त्याच वर्षी डिसेंबरात ‘एल फिगारो’ कारखान्यात वाचन सुरू झालं. पुढच्याच वर्षी पार्तागास कारखान्यानंही ते सुरू केलं आणि तिथे वाचकासाठी उंच व्यासपीठ उभं राहिलं.

या वाचकाला स्पॅनिशमध्ये ‘लेक्तोर’ म्हणतात. आपल्याकडे चातुर्मासात देवळात पोथी लावतात, तशी तिथे कादंबरी लावली जाई. आधी वर्तमानपत्र, मग ह्यूगो, ड्यूमा, झोला, सर्व्हान्तेस. वाचकाचा मेहनताना मालकाच्या गल्ल्यातून येत नसे. सुरुवातीला वाचणारा कामगारांपैकीच एक असे आणि त्याची बुडालेली मजुरी बाकीचे भरून देत. पुढे तो स्वतंत्र पेशा झाला, तरी वर्गणी कामगारांचीच राहिली. पैसे त्यांचे, म्हणून निवडही त्यांची. पुस्तक कोणतं लावायचं यावर मतदान होई. वाचन आवडलं की कामगार चावेत्यांनी मेजावर ठकठक करून दाद देत.

ड्यूमाची कादंबरी मुळात वर्तमानपत्रातून हप्त्याहप्त्यानं आलेली. प्रत्येक भागाच्या शेवटी उत्कंठा ताणून धरायची, हे तिच्या बांधणीतच होतं, त्यामुळे रोजच्या वाचनाला ती फार सोयीची. 1935 मध्ये अलोन्सो मेनेंदेस यानं हवानात नवी सिगार बाजारात आणली, तेव्हा कामगारांच्या या लाडक्या कादंबरीवरून तिला ‘मॉन्टेक्रिस्टो’ हे नाव दिलं, असं सांगतात.

सत्तेला मात्र या वाचनात धोका दिसला. क्युबा तेव्हा स्पेनची वसाहत होती. मे 1866 मध्ये, म्हणजे वाचन सुरू होऊन पाच महिने होतात न होतात तोच, कारखान्यांत पुस्तकं आणि वर्तमानपत्रं मोठ्यानं वाचायला सरकारनं बंदी घातली. वाचणारा एक, ऐकणारे शेकडो, आणि ऐकलेल्यावर जेवणाच्या सुट्टीत चर्चा, हे कुठल्याही वसाहतवाल्याला परवडणारं नव्हतं. बंदी उठली, पुन्हा आली, पुन्हा उठली. दरम्यान क्युबातून बाहेर पडलेले कामगार ही रीत अमेरिकेतल्या फ्लोरिडात, की वेस्ट आणि टॅम्पा इथे, घेऊन गेले. स्वातंत्र्यासाठी झटणारा कवी होसे मार्ती 1891 मध्ये टॅम्पात आला, तेव्हा त्याला असा श्रोता मिळाला, ज्याला वर्षानुवर्षं जगाच्या घडामोडी ऐकायची सवय होती. स्वातंत्र्यलढ्यासाठी या कामगारांनी मजुरीतून पैसाही दिला.

टॅम्पातल्या वाचनाचा शेवट 1931 मध्ये झाला. वाचक कामगारांना चिथावतात असं म्हणत मालकांनी ते बंद केलं, संप झाला, पण वाचक परतले नाहीत. त्यांच्या जागी रेडिओ आले. रेडिओवर काय लागावं, हे आता कामगारांच्या मतानं ठरत नव्हतं.

हवानाशी काही संबंध नसताना अशीच रीत आपल्या देशातही दिसे. केरळात कण्णूरच्या भागात विडी वळताना एक जण वर्तमानपत्र वाचून दाखवी आणि त्याच्या वाटच्या विड्या बाकीचे वळून देत. काम हातांचं, शांत आणि एकसुरी असलं की माणसं कानांची सोय स्वतःच करून घेतात.

क्युबात ही परंपरा टिकली. क्रांतीनंतर वाचकाचा पगार सरकारी झाला आणि हातात मायक्रोफोन आला. 2012 मध्ये क्युबानं या वाचनाला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. हा मान मिळाला तो वाचनाला, पण त्याचं खरं श्रेय ऐकणाऱ्यांचं आहे. सिगारच्या नावाची कीर्ती आणि नफा मालकांकडे गेला. ते नाव ज्या वाचनातून आलं, त्याचे पैसे मात्र निरक्षर कामगारांनी स्वतःच्या मजुरीतून मोजले होते.