सेक्युलॅरिझमचे वर्दीतले रखवालदार

आपल्याकडे मुस्लिम समाजसुधारणेची चर्चा निघाली की केमाल पाशाचे नाव येतेच, आणि त्यामागोमाग कुणीतरी म्हणतेच, ‘तुर्कस्तानात लष्कर होते म्हणून सेक्युलॅरिझम टिकला.’ मला हे वाक्य नेहमी खटकते. लष्कराने राखले ते नेमके काय?

केमाल पाशा स्वतः सेनानी होता. तरी १९२४ मध्ये संसदेत बसलेल्या सेनापतींना वर्दी किंवा खासदारकी यांतले एकच निवडावे लागले. (त्यात त्याच्या विरोधकांच्या हातून फौज गेली, ही सोयही होतीच.)

१९५० च्या निवडणुकीत त्याचा पक्ष हरला आणि अदनान मेंदेरेस पंतप्रधान झाले. १९३२ पासून तुर्कीत द्यावी लागणारी अजान त्यांनी पुन्हा अरबीत देऊ दिली. खेड्यापाड्यांतल्या लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. पुढे मात्र त्यांनी वर्तमानपत्रांची आणि विरोधकांची गळचेपी केली, तेव्हा त्यांना धुतल्या तांदळासारखे मानायचे कारण नाही. पण त्यांना घालवायचे काम मतदारांचे होते. ते २७ मे १९६० रोजी लष्कराने केले. दोन मंत्र्यांना फाशी झाली आणि दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबर १९६१ रोजी, मेंदेरेसनाही. आज इझमिरच्या विमानतळाला त्यांचे नाव आहे.

१९७१ मध्ये नुसत्या खलित्यावर सरकार गेले.

सगळ्यात विलक्षण प्रकार १९८० चा. डावे आणि उजवे रस्त्यावर एकमेकांचे मुडदे पाडत होते. जनरल केनान एव्हरेन यांनी सत्ता घेतली, तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग सगळे पक्ष बंद झाले, खुद्द केमाल पाशाने काढलेला पक्षसुद्धा! डाव्या विचाराला उतारा म्हणून या सेनापतींना धर्म आठवला. त्यांच्या १९८२ च्या संविधानाने शाळेत धर्माचे शिक्षण सक्तीचे केले. सेक्युलॅरिझमच्या रखवालदारांनी हे केले, हे आपल्या चर्चेत कुणी सांगत नाही. त्या तासाला शिकवला जाई तो मुख्यतः सुन्नी इस्लाम. अलेवी मुलांनी काय करायचे? एका अलेवी कुटुंबाला त्यासाठी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात जावे लागले. २००७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.

१९९७ मध्ये लष्कराच्या दबावाखाली एर्बाकान यांना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर विद्यापीठांतली स्कार्फबंदी कडक झाली. डोक्यावरचा रुमाल काढ, नाहीतर शिक्षण सोड. मी बुरख्याचा समर्थक नाही. पण त्या मुलींच्या लेखी सेक्युलॅरिझम म्हणजे फाटकावर अडवणारा पहारेकरी झाला, आणि हे नुकसान कुठल्याही मौलवीला करता आले नसते. त्यांच्या घरची मते कुठे गेली असतील, ते सांगायला नको. २००७ मध्ये लष्कराने वेबसाइटवरून पुन्हा दम भरला. तीन महिन्यांत एर्दोगान यांचा पक्ष सुमारे ४७ टक्के मते घेऊन परतला.

१५ जुलै २०१६ च्या रात्री रणगाडे पुन्हा निघाले, तेव्हा लोक त्यांच्यापुढे उभे राहिले. सेक्युलर विरोधी पक्षांनीही उठावाचा निषेध केला. सुमारे अडीचशे माणसे मेली. त्यानंतर सरकारने एक लाखाहून जास्त लोकांना नोकरीवरून काढले. त्यांत शिक्षक होते, न्यायाधीश होते, प्राध्यापक होते.

एव्हरेन यांच्या संविधानात तेव्हापासून अनेक दुरुस्त्या झाल्या. सक्तीच्या धर्मशिक्षणाचे कलम अजून तसेच आहे.