‘वयात येणे’ म्हणजे काय?

‘मुलगी वयात आली’ असं आपण सहज म्हणतो. हा समज किती महाग पडला, ते पाहू.

कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याने केलेल्या संभोगानंतर रक्तस्राव होऊन गेली. दंडसंहितेत संमतिवय होतं १०. म्हणून बलात्काराचा गुन्हा लागूच झाला नाही. नवऱ्याला एक वर्षाची शिक्षा झाली.

मग संमतिवय १२ करण्याचं विधेयक आलं. सनातनी म्हणाले, प्रथम ऋतुप्राप्तीनंतर गर्भाधान झालंच पाहिजे. परक्या सरकारने धर्मात हात घालू नये, हा टिळकांचा आक्षेप. भांडारकरांनी शास्त्राधारानेच विधेयकाची बाजू मांडली. १९ मार्च १८९१ रोजी कायदा झाला.

आता बघा, ऋतुप्राप्ती ही वाढीतली एक पायरी आहे. त्यानंतरही मुलीची कंबरेची हाडं काही वर्षं वाढत असतात. निसर्गाने जिथे सुरुवात केली, तिथे समाजाने पूर्णविराम दिला. आणि गंमत अशी, की वाद ‘संमती’चा, त्यात पोथ्यांची साक्ष निघाली, सरकारच्या हेतूंची चर्चा झाली, पण ज्या मुलींबद्दल हे चाललं होतं, त्यांना कोणी विचारलं?